लुगड्यांच्या दुकानातले कप्तान

हनीफभाईंची आणि माझी पहिली गाठ मैदानावर नाही, सदर बाजारातल्या एका कापडाच्या दुकानात पडली. मी तिथे नोकर. हनीफभाई कामठीहून हातमागाची लुगडी घेऊन येत. रिक्षात उभे राहून ते गठ्ठे फेकत, मी पायरीवर झेलत असे. एकही खाली पडेना, तेव्हा ते म्हणाले, "काहून गा, गोलकीपर होतो का आमचा?" झालं! सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. तेव्हापासून मी त्यांचाच.

कामठीच्या या विणकरांचे वाडवडील उत्तरेकडून माग घेऊन आलेले. परमुलखात आपलं म्हणावं असं काहीतरी हवं, म्हणून मोहल्ल्यामोहल्ल्याने फुटबॉल क्लब काढले. त्यातल्या एकाचे हनीफभाई कप्तान; स्वतः बचावफळीत, बॅकला खेळत. त्यांच्या क्लबाची एक रीत होती. सामन्याच्या दिवशी खेळाडूचा माग बंद पडू द्यायचा नाही; शेजारी येऊन तो चालवणार.

मी इंदोरा वस्तीतला, बौद्ध घरातला, विणकामाचा गंधही नसलेला. "क्लब आपला, पोरगा बाहेरचा," असं काही बुजुर्ग कुरकुरले. हनीफभाईंनी सगळं अदबीने ऐकून घेतलं आणि मला गोलात उभं केलं. सरावानंतर त्यांच्या अम्मींच्या हातचं जेवल्याशिवाय माझी सुटका नसे.

आम्ही फायनलला पोचलो आणि नेमकी दिवाळीची गर्दी. शेठ म्हणाले, "बदली माणूस दे, नाहीतर परत येऊ नको." घरात कमावता मी एकटाच. रडवेला होऊन हनीफभाईंना सांगितलं, "मले नाही जमत." ते म्हणाले, "तुहा माग कोन चालवते ते मी पाहतो ना!"

पण सगळा मोहल्ला तर इतर खेळाडूंच्या मागांवर बसलेला. फायनलच्या दिवशी कप्तान स्वतःच दुकानात हजर! "बॅक दुसरा भेटल, गोलकीपर नाही. पळ आता," म्हणून त्यांनी मला हाकललं.

आम्ही जिंकलो. कुरकुरणाऱ्या बुजुर्गांनीच मला खांद्यावर घेतलं. कप घेऊन बसने सदर गाठलं, तर शेठ कपाळाला हात लावून बसलेले. हनीफभाई गिऱ्हाइकांना सांगत होते, "बाई, हे नका घेऊ. सूत कच्चं आहे, दोन धुण्यांत विरते." अहो, विणकर माणूस, राहवणार कसं! पण त्यांनी निवडून दिलेली लुगडी हातोहात खपली, म्हणून माझी नोकरी वाचली.

पुढे त्यांचा गुडघा गेला. फायनल खेळणं त्यांच्या नशिबी आलंच नाही. या लेखाच्या निमित्ताने परवा भीतभीत विषय काढला, तर म्हणाले, "त्यात काय एवढं? टीम पुरी होती ना गा?" माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

हनीफभाई, पंचाहत्तरी झाली. आता शंभरी ठणठणीत गाठा. मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून मनसोक्त सामने बघा. दुकान सांभाळायला आता आम्ही आहोत.