सवतीचा टाक

पाचव्या महिन्यात एका सकाळी मला रक्त दिसलं. थोडंच होतं, पण दिसलं. दवाखान्यात गेलो, सोनोग्राफी झाली, बाळ ठीक होतं. डॉक्टरीणबाईंनी दोन आठवडे पडून राहायला सांगितलं. चौथ्या दिवशी सासूबाईंनी माझ्या उशाशी एक लाल दोरा आणून ठेवला. त्यात चांदीचा पातळ पत्रा ओवलेला होता, दहाच्या नाण्याएवढा. पत्र्यावर मागून ठोकून उठवलेली एक बाई. नाक नाही, डोळे म्हणजे दोन ठिपके, केस कमरेपर्यंत.

मला वाटलं, कुठली तरी देवी असेल. मी देव मानत नाही हे त्यांना माहीत आहे. तरी त्या अधूनमधून काहीतरी उशाशी ठेवतात आणि मी ते न बोलता देव्हाऱ्यात परत नेऊन ठेवते. दोन वर्षं आमचं असं बरं चाललं होतं. पण ही देवी नव्हती. ही माझ्या नवऱ्याची पहिली बायको होती. गिरगावातल्या एका सोनाराकडून त्यांनी तो टाक मुद्दाम घडवून आणला होता.

त्यांनी मला समजावून सांगितलं, आवाज न चढवता, जसं लोणच्याला मीठ किती ते सांगावं तसं. दुसरेपणाच्या बायकोने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा असतो. म्हणजे तिला तिचा मान मिळतो आणि ती नव्या बाईच्या वाटेला जात नाही. पोटातल्या जिवाच्या तर नाहीच नाही. "कोर्टात लगीन केल्यात, मी काय बोलाक नाय," त्या म्हणाल्या. "पण आता रक्त दिसला. ती अहेव गेली गो. संसार अर्धो टाकून गेली. तिचो जीव हंयच आसा."

ती चार वर्षांपूर्वी डेंग्यूने गेली. समोर टॉवर उभा राहत होता, त्याच्या पायाच्या खड्ड्यात पावसाळाभर पाणी साचून होतं. मजल्यावरच्या प्रत्येक घरात कोणी ना कोणी आजारी पडलं. सगळे उठले, ती उठली नाही. हे मी लग्नाआधीच ऐकलं होतं, आणि ऐकताना माझा संताप झाला होता तो त्या खड्ड्यावर. आता त्याच बाईला तिच्याच घरातले लोक माझ्या रक्ताचा जाब विचारत होते.

मी कॉटन ग्रीनच्या चाळीत वाढले. वडील गिरणीत होते आणि गिरणी बंद पडल्यावर युनियनच्या कचेरीत. आमच्याकडे गोष्टींची पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. मी अक्षरं पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर गिरवली आणि छापील बाजूवरून वाचायला शिकले. रविवारी गठ्ठे दुमडायला बसायचो, आई, वडील आणि मी, आणि दुमडता दुमडता वडील मजकूर मोठ्याने म्हणायचे. त्यामुळे मला राग आला की माझी वाक्यं आपोआप परिच्छेद होतात. त्या दिवशी मी उठून बसले, उठायची मनाई असताना, आणि सुरू झाले. मेलेली माणसं कोणाला काही करत नाहीत. बाईला जिवंतपणी राबवायचं आणि मेल्यावर भूत करून ठेवायचं, ही कुठली रीत. एका बाईला दुसरीची भीती घालून दोघींनाही दावणीला बांधायचं. मी बरंच बोलले. सगळं खरं होतं.

नवरा कामावरून येईपर्यंत टाक तिथेच पडून होता. त्याने तो उचलला, बघितला, परत ठेवला. मग माझ्याजवळ बसून म्हणाला, "घाल ना. चार महिन्यांचा तर प्रश्न आहे. तुझं काय जातं?"

आयुष्यात मला सर्वांत जास्त चीड कशाची येत असेल तर या प्रश्नाची. काय जातं. सही कर, काय जातं. हळदीकुंकवाला जा, काय जातं. मी त्याला म्हटलं, तुझी बायको होती ती. तू तिच्याबद्दल असं ऐकून घेतोस? तो म्हणाला, "झालं पत्रक वाटून?" आणि आंघोळीला गेला.

लालबागची आमची इमारत चाळ पाडून वर चढवलेली आहे. एक खोली, एक स्वयंपाकघर, मध्ये पडदा. सासूबाई बोलत होत्या तेव्हापासून पडद्यापलीकडे त्याची पहिलीपासूनची मुलगी गणित सोडवत बसली होती. नऊ वर्षांची आहे. मला मावशी म्हणते, आणि ते मला आवडतं, कारण ते तिने स्वतः निवडलं. तिच्या कानात इअरफोन होते. ते मी बघितले आणि निर्धास्त झाले. इअरफोनची वायर कशालाच जोडलेली नव्हती हे मी बघितलं नाही.

त्याआधी ती रोज शाळेतून आली की माझ्या पोटाला तोंड लावून बाळाला शाळेच्या बातम्या द्यायची. कोण पडलं, कोणाला बाईंनी वर्गाबाहेर काढलं. ते बंद झालं. पाण्याचा ग्लास हातात द्यायची, तो आता स्टुलावर ठेवून मागे सरकायची. रात्री आजीच्या अंथरुणात झोपू लागली. शाळा सुटल्यावर मैत्रिणीकडे थांबायला लागली, अंधार पडेस्तोवर. शेजारणी म्हणाल्या, भावंड येणार म्हटल्यावर पोरं अशीच करतात, हेवा असतो. मलाही ते पटलं. इतकं पटलं की एका संध्याकाळी मी तिला समोर बसवून प्रेम वाटलं म्हणून कमी होत नाही, यावर अर्धा तास ऐकवलं. ती मान हलवत राहिली. शेवटी तिने विचारलं, "मावशी, आता जाऊ?"

मग तिच्या अभ्यासाच्या फळीवरचा फोटो नाहीसा झालेला मला दिसला. तिच्या आईचा, छोट्या काचेच्या चौकटीतला. दादर चौपाटीवर काढलेला, बॉबकट केलेली, वाऱ्याने डोळे मिटलेली एक मुलगी. माझ्याहून लहान दिसते त्यात ती. मी एका क्षणात ठरवलं की हे सासूबाईंचं काम. टाक घालत नाहीस ना, मग फोटो तरी घरातून काढते. मी त्यांना तोडून बोलले. त्यांनी कुलदेवतेची शपथ घेतली आणि मी म्हटलं, तुमच्या शपथा तुमच्याजवळच ठेवा. सत्तरीची बाई पदराने डोळे पुसत आत गेली. मी बरोबर होते ना, मग मला वाईट का वाटावं, असं स्वतःला सांगत मी पडून राहिले. मुलगी मैत्रिणीकडे होती.

माझे दोन आठवडे संपल्यानंतरच्या सोमवारी शाळेतून फोन आला. मुलीच्या हाताला काच लागली आहे, फारसं नाही, पण कोणीतरी या. नवरा कामावर होता. मी टॅक्सी करून गेले.

वर्गशिक्षिकेच्या टेबलावर तिचं दप्तर उपडं केलेलं होतं. वह्या, डबा, कंपास आणि फुटलेली चौकट. बाई म्हणाल्या, गेले काही दिवस ती हा फोटो रोज आणते, मधल्या सुट्टीत बाकावर शेजारी ठेवून डबा खाते. आम्ही काही बोललो नाही, आईची आठवण येत असेल. आज कोणाचा तरी धक्का लागला.

तिच्या बोटाला पट्टी बांधली होती. मी तिला घेऊन बाहेर आले आणि शाळेच्या पायरीवर बसले. फोटो का आणतेस, म्हणून विचारलं. ती ताबडतोब माझ्यापासून दोन हात सरकून बसली, आणि जे बोलली ते एका दमात, पाठ केल्यासारखं.

"आई घरी असली की बाळाला त्रास होतो ना. म्हणून मी तिला दिवसभर इकडे आणते. रात्री उशीखाली लपवून आजीजवळ झोपते, म्हणजे ती उठून जाणार नाही."

मी तिच्या बोटावरच्या पट्टीकडे बघत राहिले. तिला वाटलं मी रागावले.

"मी तिला सांगते रोज," ती म्हणाली. "बाळाला काही करू नको म्हणून. इकडे ती काही करत नाही, मावशी. नुसती बसते."

आणि मी? त्या दिवशी उठून बसून एवढं भाषण केलं, त्यात एक वाक्य तिच्यासाठी नव्हतं. मी अंधश्रद्धेशी भांडले, सासूशी भांडले, नवऱ्याशी भांडले. पडद्यापलीकडे एक मूल आपली आई खुनी आहे असं ऐकून बसलं होतं, आणि मी तिला हेवा वाटतो म्हणून समजूत घालत होते. इतर सगळ्यांवरचा राग मला सोपा जातो. हा जात नाही, अजूनही.

त्या संध्याकाळी मी सगळ्यांना समोर बसवलं. फुटकी चौकट मध्ये ठेवली आणि काय झालं ते सांगितलं, फक्त झालं तेवढंच, एकही परिच्छेद नाही. मग सासूबाईंना म्हटलं, आता तुम्ही हिला सांगा की तुझी आई कोणाला काही करत नाही. त्यांचा चेहरा पडला होता. नातीला त्यांनी कुशीत ओढलं, तिचं बोट तोंडाशी नेलं, रडल्या. पण ते वाक्य त्यांना म्हणता येईना.

"माका भय वाटता, तां मी खोटा कसा सांगू," त्या म्हणाल्या. "मी तिका माझ्या हातान पेज भरवलंय गो. शेवटपर्यंत."

मुलीने तोवर टाक हातात घेऊन नीट बघितला होता. "ही आई नाहीच," ती म्हणाली. "आईचे केस एवढे कुठे होते?" कोणी हसलं नाही. सासूबाईंनी टाक तिच्या हातातून काढून देव्हाऱ्यात ठेवला. नवरा काचेचे तुकडे कागदात गोळा करत राहिला. तुकडे संपले तरी करत राहिला. माणूस चांगला आहे, असं सगळे म्हणतात. कोणाला दुखवत नाही म्हणतात. त्याच्या न बोलण्याने किती जणांना दुखतं हे कोणी मोजत नाही.

झोपताना मुलीने मला लांबूनच विचारलं, "पुन्हा रक्त आलं तर?"

मी म्हटलं, शुक्रवारी तपासणी आहे, तू चल माझ्याबरोबर. जे विचारायचं ते डॉक्टरांना विचार.

परळच्या त्या दवाखान्यात दीड तास बसलो. तिने शाळेचा गणवेश घातला होता, मीच घाल म्हटलं होतं, म्हणजे ती जाणती शाळकरी दिसेल, आत कोणी तिला लहान मूल म्हणून बाहेर काढणार नाही, असा माझा अंदाज. डॉक्टरीणबाई माझं पोट तपासत होत्या तोवर ती भिंतीला टेकून उभी होती. मग टेबलाजवळ आली आणि विचारलं, "ते रक्त कोणामुळे आलं?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी एक कागद ओढला आणि गोल काढला. आत बाळ. बाळाच्या खाली एक गादी. "हिला वार म्हणतात. बाळाला खाऊ हिच्यातून मिळतो. ही थोडी खाली चिकटली होती, म्हणून रक्त आलं. आता वर सरकत चालली आहे."

"पण कोणामुळे?"

"कोणामुळे नाही."

"कोणीच नाही?"

"कोणीच नाही," बाई म्हणाल्या. "काही बायकांची असते खाली. तुझ्या वेळी तुझ्या आईचीसुद्धा असेल." तिची आई कोण, त्यांना काय माहीत. पण मुलीने तो कागद मागून घेतला.

घरी आलो तेव्हा सासूबाई कणीक मळत होत्या, नवरा नुकताच येऊन टॉवेल खांद्यावर टाकून उभा होता. ती चपला न काढता स्वयंपाकघरात गेली. कागद ओट्यावर पसरून तिने आजीला गादी दाखवली, वार हा शब्द दोनदा सांगितला, आणि शेवटी म्हणाली, "कोणी केलं नाही. डॉक्टर म्हणाल्या."

"बरा," सासूबाई म्हणाल्या.

"बरा नाही. नीट म्हण."

कणकेतला हात थांबला. मी पडद्याशी होते. मला मध्ये पडायचं होतं, ओठांवर चार वाक्यं तयार होती, मी ती गिळली. सासूबाई त्या चित्राकडे बराच वेळ बघत राहिल्या. त्यांना ते पटलं की नाही ते मला आजही ठाऊक नाही. मग पिठाचे हात तसेच धरून त्या म्हणाल्या, "तुझ्या आवशीन काय्येक करूक नाय, बाये."

मुलीने मान डोलावली. ती वळली आणि बापासमोर जाऊन उभी राहिली.

"आता बाबा."

तो मोरीकडे निघाला होता. तिने टॉवेलचं टोक धरलं. त्याने माझ्याकडे बघितलं, सुटका मागितल्यासारखं, आणि मी ती दिली नाही. तो म्हणाला, तुझ्या आईने काही केलं नाही. घाईघाईने, भिंतीकडे बघत.

"माझ्याकडे बघून," ती म्हणाली.

तो खाली बसला, तिच्या उंचीला, आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरू झाला.