आकेनेताचं बिनचूक उत्तर

वादळानं घर उचलून नेलं म्हणून त्या जागेला तुम्ही रिकामी म्हणाल का? आकेनेतानं म्हटलं, आणि वर शाबासकी मिळवली.

सिंगातोका या बेटावरच्या किनारी शहरात ती नर्स होती. ऑस्ट्रेलियातल्या वृद्धाश्रमातली नोकरी ठरल्यात जमा होती; घोडं अडलं होतं ते इंग्रजीच्या परीक्षेत. एका जागेचे दोन नकाशे समोर येतात, एक आधीचा, एक नंतरचा. काय काय बदललं ते लिहायचं. यातच ती दोनदा आपटली. बाजारातल्या माडीवर क्लास घेणाऱ्या धर्मवती मॅडमनी तिचं दुखणं बरोबर हेरलं. ही बाई कागदावर नसलेलंही लिहिते.

सरावाचे नकाशे मॅडम स्वतः काढायच्या, आपल्याच किनाऱ्यावरचे. एके दिवशी आकेनेताचंच गाव निघालं. आधीच्या नकाशात घरं, चर्च, नारळीची झाडं, नंतरच्यात हॉटेल. जिथं आता हॉटेलचा पोहायचा तलाव, तिथं आधीच्या नकाशात कोरा चौकोन. आकेनेतानं लिहिलं, इथं वुनिदिलोचा चौथरा होता.

लिहिणारच. वुनिदिलो हे तिच्या आजोबांचं घर, वादळात गेलेलं. घर गेलं तरी चौथरा राहतो, चौथऱ्याला नाव असतं, आणि माणूस त्या नावानं ओळखला जातो. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. हॉटेलवाले आले तेव्हा तिच्या थोरल्या काकांनी, इलिसोनींनी, कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. जागा रिकामी नाही, एवढं एकच ते सांगत राहिले. हॉटेलवाले म्हणत, रिकामीच आहे, बघा की. साहेबांनी बघितलं, आणि त्यांनाही रिकामीच दिसली.

"कुठाय चौथरा? दाखव बोट ठेवून," मॅडम म्हणाल्या. "परीक्षक काय तुझा मामा लागतो, तुझ्या आजोबांचं घर ओळखायला?" वर्ग हसला. "दिसतं तेवढंच लिही. सिडनीला जायचंय ना?"

जायचं होतं. तिनं लिहिलं, किनाऱ्यालगतच्या रिकाम्या जागेवर पोहण्याचा तलाव बांधण्यात आला. मॅडमनी ते उत्तर साऱ्या वर्गाला उतरवून घ्यायला लावलं. आकेनेतानं ते घोकून घोकून पाठ केलं, परीक्षेत कुठल्याशा परक्या बंदराच्या नकाशाला त्याच साच्यात बसवलं, आणि पास झाली.

परदेशी निघायचं तर थोरल्यांपुढं यंगोना या झुडपाच्या मुळांची जुडी ठेवून निरोप मागावा लागतो. ती गावी गेली, चटईवर बसली, जुडी पुढं ठेवली. मेरेसी आत्याला मस्करीची लहर आली.

"तिथल्या म्हाताऱ्यांना दटावशील तरी कुठल्या भाषेत गं? ऐकव बघू ते पास झालेलं इंग्रजी."

पाठ होतं ते एकच. जिभेनं सुरुवात केली, डोकं मागून आलं. बसलेले सगळे शाळेत गेलेले. इंग्रजी कळत नाही असा तिथं कुणीच नव्हता. 'रिकाम्या जागेवर' म्हणताना तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला, तरी तिनं वाक्य पुरं केलं. अर्ध्यात थांबायची सवय मॅडमनी मोडून काढली होती.

आत्या चटईचा सुटलेला धागा ओढत बसली. काका खाली बघत होते. ते ओरडले असते तर आकेनेताला बरं वाटलं असतं.

"काका, परीक्षेत तसंच लिहावं लागतं."

"लागत असेल," काका म्हणाले. "त्या साहेबांनाही लागलं असेल."

मग त्यांनी जुडी दोन्ही हातांनी उचलली आणि रीतीप्रमाणे खड्या आवाजात म्हणाले, "वुनिदिलोची लेक निघाली आहे. तिची वाट सुखाची होवो." रीतीनं नाव घ्यावंच लागतं, आणि त्यांनी एक अक्षरही न गिळता घेतलं. सगळ्यांनी ओंजळीच्या टाळ्या वाजवल्या. आकेनेताचे हात मांडीवरून उठले नाहीत.

ती गेली. पोट कुणाला चुकलंय? पगार आला की घरी पैसे पाठवते, फोनवर आत्याशी बोलते. काकांना फोन द्या, असं मात्र अजून म्हणालेली नाही.

तिकडच्या एखाद्या वृद्धाश्रमात ती तुम्हाला भेटली, तर परीक्षेत किती गुण पडले ते विचारू नका. तू कुठल्या घरची, एवढंच विचारा. आणि ती नाव सांगेपर्यंत तिथून हलू नका.