तणसात भरलेला रेडिओ

हॅम ग्रुपवाल्यांनो, आज मी डोंगरावरून बोललोच नाही. रेडिओचा सेट चालूच झाला नाही.

मी सौसरजवळच्या रामाकोन्याचा. इकडे हिमाचलात सफरचंदाच्या गोदामात पॅकिंग करतो. घरची संत्र्याची बाग सोडून आलो तेव्हापासून बाबा माझा फोन उचलत नाहीत. मला हॅम रेडिओवर बिनतारी बोलायला शिकवणाऱ्या सौसरच्या काकांनी आज बाबांना कसंबसं आपल्या घरी रेडिओपुढे आणून बसवलं होतं. "फोन नको घेऊ भाऊ, पण पोराचा आवाज तर ऐक," असं म्हणून.

उंचावरून आवाज लांब पोचतो, म्हणून सेट मी पेटीत तणस, म्हणजे भाताचा पेंढा, भरून डोंगरावर नेला. आमच्याकडे संत्री तशीच भरतात, धक्का लागत नाही. चढताना भुरभुर पाऊस लागला. वर पेटी उघडली तर तणस चिंब, अन् सेटच्या बटणांतून पाणी गळून राहिलं. धक्क्याचा विचार केला, ओलीचा केलाच नाही.

खाली उतरून काकांना फोन लावला.

"तुये बाबा लय वेळ बसले रे. नुसती खरखर ऐकून राहिले होते."

"काही म्हणाले?"

"'पोट्टं वर गेलंच नसन,' म्हणे. चप्पल घातली अन् गेले."

मला रडू वगैरे आलं नाही. भात लावला, जेवलो. सेट उघडून पंख्याखाली ठेवला आहे.

काका पुढच्या सुटीला बाबांना परत विचारणार आहेत. ते येतीलच असं नाही. पण मी वर जाणार. तुम्ही पावसात सेट कशात नेता, तेवढं सांगा.