अंजूचे हात, अंजूचं तोंड

लग्नातले फोटो काढणारी बाई म्हणून रोहिणीला सगळं धारूर ओळखतं. हळदीच्या गर्दीत ती भल्याभल्यांना कोपराने बाजूला सारते. ऊसतोडीच्या टोळ्या गावी परतल्या की मात्र ऐन लग्नसराईत गिऱ्हाइकं सोडते आणि वस्त्यांवर जाऊन फडावरून आलेल्या लेकरांचे फोटो काढते. तिची स्वतःची पहिली आठवणही फडाजवळच्या कोपीतलीच, त्या झोपडीत उसाच्या पाचटावर झोपल्याची.

यंदा बीडच्या एका प्रदर्शनात तिला पहिल्यांदाच अख्खी भिंत मिळाली. मधोमध तिला अंजूच्या हातांचा फोटो लावायचा होता. अकरा वर्षांची अंजू हंगामभर आईबापामागे वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या पेंढ्या बांधायची; धारदार पानांनी तळवे चिरून गेलेले. लेकराची बेअब्रू नको म्हणून रोहिणीने तोंड मुद्दाम वगळलं होतं. घरच्यांना दाखवल्याशिवाय ती एकही फोटो लावत नसे.

ती फोटो घेऊन वस्तीवर गेली तेव्हा अंजूची आई सत्यभामा भाकरी थापत होती.

"हे कुणाचे हात गं?"

"आपल्या अंजूचे, वहिनी."

"आन् तोंड?"

"लोकांनी वळखू नये म्हणून…"

"कावून? चोरी केली काय पोरीनं?" सत्यभामाने पिठाचे हात झटकले. "पोलिसांनी धरलेल्याची तोंडं झाकत्यात, रोहिणे. हे लावू नको."

रोहिणीने फोटो पिशवीत सारला. तोवर दारात उभी राहून ऐकणारी अंजू आत पळाली, ती शाळेच्या कार्यक्रमातला झगा घालून, तोंडाला बोटबोट पावडर थापून बाहेर आली.

"आत्या, आता काढ."

एरवी रोहिणीने पावडर पुसायला लावली असती. नवरीला आपण कधी पूस म्हणत नाही, हे तिच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं.

"हात कुठं ठिवू?"

"तुला वाटंल तिथं."

अंजूने तळवे उघडे करून मांडीवर ठेवले आणि थेट कॅमेऱ्यात पाहिलं.

बीडला संयोजकांनी तो फोटो लांब धरून पाहिला. "मॅडम, ही तर नटलीय. बघणाऱ्याला वाईट कसं वाटायचं? ते हातांचंच लावा."

"तो घरच्यांनी नको म्हटलाय."

"मग मधली जागा दुसऱ्याला देऊ?"

"न्हाई." शहरात जपून बोलणाऱ्या रोहिणीच्या तोंडून गावचाच शब्द गेला. तिने शिडी ओढली, पदर खोचला आणि वर चढली. "वाईट वाटायला न्हाई काढला. खिळा द्या इकडं."

संयोजक घुटमळले. रोहिणी काही शिडीवरून उतरेना. शेवटी त्यांनी खिळा वर केला.