ह्यांच्या पायाची गाडी

लातूरहून निघाले तेव्हापासूनच गाडी झटके देत होती. लोह्याच्या पुढं तर एकाच गिअरमध्ये अडकून बसली, काही केल्या जोर धरीना. हे गेल्यावर पहिल्यांदाच एकटी एवढ्या लांब, नांदेडला लेकीकडं निघालेले, आणि हिचं मधेच हे नाटक. "अगं मेले, तू पण?" असं गाडीलाच म्हणाले.

तशीच रखडत नांदेड गाठलं. तिथल्या मिस्त्रीनं गिअरचं तेल बघितलं, वायरी हलवून बघितल्या, दोष शोधायचं मशीन जोडलं. "मावशी, गाडी लंगडी चालून राहिली."

"लंगडी म्हणू नका हो!" मी फाडकन बोलले. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक? आमच्या ह्यांचा डावा पाय लहानपणापासून अधू. क्लच दाबता यायचा न्हाई, म्हणून तर ही ऑटोमॅटिक घेतलेली. उन्हाळ्यात हे गेले. गाडी राहिली.

दोष निघाला गिअरला हुकूम देणाऱ्या डब्यात. प्लगमधून पाणी शिरून आतल्या पिना हिरव्या पडल्या होत्या. "हे मॉड्यूलच बदलावं लागंल." म्हटलं, बदला की. तर तो सहज बोलून गेला, "नवं आतनं कोरं असतंय, मावशी. जुन्यानं चालवणाऱ्याचा पाय वळखलेला असतो. कधी दाबतो, कधी सोडतो, त्यावरून गिअर टाकतंय. नव्याला परत शिकवावं लागतंय."

म्हणजे ह्यांचा पाय अजून गाडीत होता? आणि मीच तो काढून टाकायला इथं घेऊन आले?

"जुन्यातलं नव्यात उतरवून द्या, भाऊ. काय बी करा, हात जोडते." त्यानं लई खटपट केली, पण मशीनला जुना डबा दिसेचना. "न्हाई होत, मावशी." मग नवा बसवला, मशीन लावून तो गाडीला जुळवून घेतला आणि किल्ली हातात दिली. "आता सावकाश चालवा. तुमचं बघून शिकंल ती."

माझं कशाला? लेकीकडून परत निघाले तेव्हा मनाशी पक्कं केलं, तिला ह्यांचाच पाय शिकवायचा. हे फार हळू चालवायचे. मी चिडायचे, "अहो, बैलगाडी पुढं जाईल आपल्या!" हे नुसते हसायचे. तशीच हळू चालवली. मागून ट्रकवाले हॉर्नवर हॉर्न. वाजवा म्हटलं, काय वाजवायचं ते वाजवा.

अहमदपूरच्या अलीकडं स्पीडब्रेकर आला आणि मला आठवेना. हे पाय आधीच उचलायचे, का ब्रेकवर ठेवूनच उतरायचे? चढावर किती दाबायचे? कायच आठवेना. इतकी वर्षं शेजारी बसले! भांडताना तोंडाकडं बघितलं, हसताना तोंडाकडं बघितलं. जन्मभर येणारा-जाणारा ह्यांच्या पायाकडंच बघायचा, म्हणून मी मुद्दामच कधी खाली बघितलं न्हाई.

गाडी कडेला घेतली आणि मोठ्यानं रडले. मग डोळे पुसून पाय ठेवला, माझाच. गाडीनं एकही झटका न देता गिअर टाकला.