बाबांचं घड्याळ आणि मी केलेला रेडिओ

आई गेल्यावर बाबांना मी म्हैसूरला आणलं, येलवालजवळच्या आमच्या घरी. बाबा रेल्वेत गार्ड होते. विसरणं वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि बाबांना ते साफ नामंजूर होतं. मनगट पुढे करून म्हणायचे, "सेकंदाला बरोबर आहे बघ. डोकं गेलेला माणूस घड्याळ असं ठेवील?"

गावी ते रोज सकाळी मराठी बातम्यांआधीच्या रेडिओच्या ठोक्यांवर घड्याळ लावायचे. इथं ते केंद्र लागेना. "कानडी बातम्यांचे ठोके वेगळे पडतात का?" मी चिडवायचो. ते हसायचे नाहीत.

मग पत्त्यांच्या कॅटएवढा एक कॉम्प्युटर आणला, स्पीकर जोडला आणि सगळं त्यांच्या बंद पडलेल्या रेडिओच्या पेटीत बसवलं. गावचं केंद्र इंटरनेटवरून लागलं, आईच्या आवडीची गाणीही त्यात भरली. आमच्याकडे नेट सारखं तुटतं, म्हणून आवाज आधी थोडा साठवायचा आणि मग वाजवायचा, अशी सोय केली. ओळखीचा आवाज ऐकून बाबांचे डोळे भरून आले. मी तर स्वतःवरच खूश होतो.

त्या दिवसापासून बाबांना घड्याळ पुढे गेलेलं दिसू लागलं. ठोके पडले की ते काटे मागे घ्यायचे. हेब्बाळला जाणाऱ्या कंपनीच्या बसपर्यंत ते मला सोडायला यायचे. एकदा "आहे रे अजून वेळ," म्हणाले आणि बस डोळ्यांदेखत निघून गेली. त्याच आठवड्यात पुन्हा तेच. या खेपेला बाबा रस्त्यातच थांबले आणि घड्याळाकडे बघत राहिले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. साठवलेला आवाज उशिरा वाजत होता, नेट तुटेल तसा रोज आणखी काही मिनिटांनी मागे पडत होता; त्यातले ठोकेसुद्धा.

"बाबा, घड्याळ बरोबरच होतं. रेडिओ मागे आहे."

"रेडिओ कधी मागे असतो?" त्यांच्या लेखी ठोके म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. "मला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगू नकोस."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! डॉक्टरांना जे पटवता आलं नव्हतं, ते माझ्या पेटीनं पटवलं. इतकं हताश मला आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

साठवण काढली तर बातम्या तुटायच्या. शेवटी बातम्या मागून येवोत, पण ठोके कॉम्प्युटरनंच अचूक वेळेला द्यावेत, असं केलं. रविवारी सकाळी बाबांना शेजारी बसवलं. ठोके फोनमधल्या वेळेशी तंतोतंत जुळले.

"बघा आता तुमचं घड्याळ," मी म्हणालो.

त्यांनी मनगट पुढे केलं. त्यावर पट्ट्याचा फिकट वण तेवढा होता.

"कपाटात ठेवलंय," ते म्हणाले. "आता किती वाजले ते तूच सांगत जा."

मी सांगितलं. चहा येईपर्यंत त्यांनी पुन्हा विचारलं.