धुऱ्यावरचा तुडतुडा

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी तुडतुडे गोळा करतो. तांदळाच्या दाण्याएवढे, झाडांचा रस शोषणारे किडे. कुरुंद्याजवळ दोन शेतांमधल्या धुऱ्यावर, गवतात, मला एक वेगळाच तुडतुडा सापडला. त्याचं डोकं पुढे पाचरीसारखं निघालेलं होतं आणि पंखांच्या शिरा ओळखीच्या कुठल्याच गटाशी जुळत नव्हत्या. ही नुसती नवी जात नव्हे, अख्खा नवा जीनस, म्हणजे जातींचं नवं घराणंच असावं, असं वाटत होतं. पण मिळाल्या सगळ्या माद्या. नराचे अवयव तपासल्याशिवाय खात्रीनं काही सांगता येत नाही, म्हणून मी जात राहिलो.

दोन्ही बाजूंना हळद होती, दोन सख्ख्या भावांची. मी थोरल्याला विचारून जायचो. धुरा कोणाचा यावरून दोघांचं कोर्टात चालू आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

त्या सकाळी दोन नर बाटलीत आले. बाटली खिशात टाकली तोच पाठीत दांडा बसला. धाकटा भाऊ होता. थोरल्यानं मोजणीवाला आणला, असं त्याला वाटलं होतं. मी किडे धरतोय, किडे, असं सांगत राहिलो. दुसरा फटका हातावर घेतला. कोपर मोडल्याचा आवाज आधी ऐकू आला, कळ मागून आली.

एवढ्यात थोरला कुदळ घेऊन हळदीतून धावत आला आणि त्यानं ती उलटी करून भावाच्या डोक्यात घातली. धाकटा जागच्या जागी बसला. कानातून रक्त येत होतं. थोरल्यानं पुन्हा कुदळ उचलली. मी चांगल्या हातानं त्याचा पाय धरला, त्यानं लाथ मारून सोडवला. तेवढ्यात थोरल्याची बायको येऊन दोघांच्या मधे उभी राहिली.

"मारा," ती म्हणाली. "मंग त्याची दोन लेकरं बी आणते, त्यायलाबी मारा."

त्यानं कुदळ टाकली. माझ्या किडे धरायच्या जाळ्याचं कापड फाडून आम्ही जखमेवर दाबलं. टेम्पोत ते कापड माझ्या मुठीत भिजत गेलं.

धाकटा वाचला. एका कानानं बहिरा झाला, शब्द जुळवायला वेळ लागू लागला. कोर्टात मी दोघांचीही मारहाण सांगितली. थोरला तुरुंगात गेला. प्लास्टर निघून मी परत गेलो तेव्हा धुऱ्यावर कोणीतरी जेसीबी फिरवला होता. तो तुडतुडा पुन्हा कुठेच मिळाला नाही.

प्रयोगशाळेत एका नराचं पोट कापून वेगळं केलं आणि मांस विरघळावं म्हणून कॉस्टिकमध्ये उकळलं. अशी शेकडो पोटं मी उकळली आहेत, पण त्या दिवशी मधेच उठून बाहेर जाऊन उभा राहिलो. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली नराच्या अवयवावर दोन वाकडे काटे दिसले. ते आजवर कोणत्याच जीनसमध्ये नोंदलेले नव्हते.

वर्णन छापून आल्यावर मी धाकट्याच्या घरी गेलो. त्यानं किड्याचं चित्र बराच वेळ पाहिलं. मग सावकाश विचारलं, "हात... दुखतो का आजून?"

दुखतो, म्हणालो. त्यानं माझा हात मांडीवर घेतला आणि हळूहळू सरळ करून पाहिला. कोपर अर्ध्यातच अडलं. तो तसाच हात धरून बसला.